ज्या गादीवर कुणी झोपत नाही

आजारी माणसाला एक सवलत असते. भरदुपारी डोळे मिटून पडलं तरी त्याला कुणी आळशी म्हणत नाही. त्या वर्षी मी ही सवलत पुरेपूर वसूल केली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, बडोद्यात जो तो नवी गाडी नाहीतर नवा टीव्ही घेत होता, आणि मी गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत खिडकीशी पडून खाली कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या एका जुन्या डब्याकडे बघत असायचे.

डबा मी म्हणायचे. आमचे हे त्याला सलून म्हणायचे. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत, कारकुनीत गेली. मोठ्या साहेबांना फिरतीवर जायला एक स्वतंत्र डबा असतो, आत पलंग, स्वयंपाकघर, सगळं. त्याला रेल्वेत सलून म्हणतात. दुसऱ्यांची सलूनं गाडीला जोडण्याचे कागद करता करता हे निवृत्त झाले, आणि मग एक दिवस पाणीगेटला एका गॅरेजच्या मागे ह्यांना ती परदेशी गाडी दिसली. फार पूर्वी कुणी गोरं जोडपं तीतून इथवर आलं आणि गाडी इथंच टाकून विमानानं परत गेलं म्हणे. आत दोन बाकं, जोडली की पलंग व्हायचा. एवढासा ओटा, शेगडी, आणि थंडीत ऊब देणारी छोटी भट्टी.

"अगं, फिरतं घर आहे!" हे लहान मुलासारखे सांगत आले.

"फिरतं का पण?" मी विचारलं.

फिरत नव्हतं. दोरखंड बांधून ओढत आणलं. सोसायटीतल्या पोरांनी मागून धक्के मारले आणि शेजारच्या कोकिलाबेननी डब्याला चक्क कुंकू लावलं. आमची एकुलती एक केतकी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बापलेकीनं ठरवलं, हे आपल्या हातानं नवं करायचं आणि आईला बरं वाटलं की समुद्र गाठायचा.

मला बरं वाटायचं तेवढं राहिलं होतं.

रू

आधी खोकला. मग उजव्या कुशीत कळ. मग अशी वेळ आली की कणीक मळताना मध्येच थांबून ओट्याला टेकावं लागायचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि म्हणाले, पाणी झालंय.

"शुं काम करता हता, बेन?"

"गादलां सीवती हती," मी म्हटलं. "वाघोडियामां." गादलां म्हणजे गाद्या. केतकी अगदी लहान होती तेव्हापासून ती पाचवी-सहावीत जाईपर्यंत मी वाघोडियाच्या एका कारखान्यात शिलाईकाम केलं.

"रू उडतुं हशे," डॉक्टर म्हणाले. रू म्हणजे कापूस.

"बहु उडे!"

खोटं काहीच नव्हतं त्यात. आम्ही बायका त्या उडणाऱ्या तुसाला रूच म्हणायचो. डॉक्टरांना दिसला पिंजाऱ्याचा कापूस. कापसाची धूळ, त्यात छातीत पाणी, मग टीबीच असणार, असं ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी गुजरातीत एक बोलले, त्यांनी गुजरातीतच एक ऐकलं, आणि दोघांच्या मध्ये ती गादी तशीच पडून राहिली.

गोळ्यांनी अंगात आग व्हायची, तोंडाची चव गेली आणि डोळ्यांवर सतत झापड. त्या झापडीत मला कारखान्याची शेड दिसायची. उंच खिडक्या, तिरपं ऊन, आणि उन्हात हलके हलके तरंगणारं पांढरं पांढरं. शेवरीची म्हातारी उडते ना, तसं. आम्ही सगळ्या जणी पांढऱ्या भुवया घेऊन बसलेल्या, एकमेकींना 'आजीबाई' म्हणून चिडवत. इतकं सुंदर दिसायचं ते! आजही डोळे मिटले की सुंदरच दिसतं, आणि मग राग येतो.

पाणी काढणं

गोळ्या चालू असूनही पाणी वाढलं, तेव्हा मोठ्या इस्पितळात दाखल झाले. तिथला दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. फरशी पुसली जायची, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि दुपारी सगळा वॉर्ड पेंगायचा. पाठीत सुई घालून पाणी काढायचे तेव्हा मला टेबलावर उशी घेऊन ओणवं बसवायचे. लाज, भीती, सगळं एकदमच व्हायचं. पहिल्यांदा बाटलीतलं ते लालसर पाणी बघितलं. हे माझ्यात होतं?

कॅन्सर हा शब्द कुणी काढत नव्हतं. पण माझ्या कॉटपाशी आले की सगळे आवाज बारीक करायचे, त्यावरून मला समजत होतं. ह्यांना मी सरळ विचारलं, तर म्हणाले, "काहीतरीच काय बोलतेस," आणि जेवणाच्या डब्यातली खिचडी ताटलीत काढत बसले. खिचडी काढायला एवढा वेळ लागत नाही.

एक आया मात्र होती. तिला माझ्या आजाराशी काही देणंघेणं नव्हतं. दुपारी यायची, माझे विस्कटलेले केस सोडायची, तेल लावून घट्ट वेणी घालायची. "माथुं चोख्खुं तो मन चोख्खुं," म्हणायची. डोकं स्वच्छ तर मन स्वच्छ. ती वेणी घालत असताना मला झोप लागायची, आणि त्या झोपेत मात्र खोकला नसायचा.

भेट

एका संध्याकाळी हे आले ते गालात हसत. खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. "ओळख बघू. तुझं माहेर सापडलं."

आत पांढऱ्या जाड कापडाची पट्टी होती. कडा सुटलेल्या, बोटांना भुरभुर लागणारी. मी डोळे मिटून ओळखलं असतं. "अगंबाई! हे तर आमच्या गादीचं कापड!"

"डब्यातल्या भट्टीच्या नळीला गुंडाळलेलं होतं. मागे तसलाच पांढरा पुठ्ठा पण आहे, भिंतभर. शेगडीमागेही आहे. म्हटलं, बायकोच्या हातचं काम परदेशापर्यंत पोचलं की काय!"

इतक्या दिवसांनी आम्ही दोघं हसलो. हे म्हणाले, उद्या केतकीला सुट्टी आहे, आम्ही दोघं मिळून तो पुठ्ठा कापून काढणार, आणि तू घरी येशील तेव्हा तिथं नवं लाकूड असेल. मी पुडी कॉटशेजारच्या छोट्या कपाटात ठेवली. रात्री डब्याचं स्वप्न पडलं. डबा समुद्राच्या पाण्यावर तरंगत होता, आणि मी आतल्या भट्टीवर चहा करत होते.

कोण झोपायचं?

सकाळच्या फेरीला नवे डॉक्टर आले. देसाई त्यांचं नाव, छातीच्या रोगांचे, वयानं तरुण. गुजराती, पण नागपूरला शिकलेले, मराठी छान बोलायचे. माझे कागद चाळून म्हणाले, "काकू, ॲस्बेस्टॉसचं काम कधी केलंय?"

"ते छपराचे सिमेंटचे पत्रे? छे हो. मी गाद्या शिवायचे."

"कापसाच्या?"

"कापूस कसला! आत पांढरा जाड थर, वर पांढरं कापड, आणि शिवायचा दोरासुद्धा तसलाच."

"असल्या गादीवर झोपायचं कोण?"

मला हसू फुटलं. "अहो डॉक्टर, त्या गादीवर कुणी झोपत नाही! ती बॉयलरच्या नळांना गुंडाळतात. जळत नाही म्हणून."

ते हसले नाहीत. कॉटच्या कडेला बसले. डॉक्टर लोक असे बसत नाहीत, म्हणून मी घाबरले. "काकू, जळत नाही ते कापड म्हणजे ॲस्बेस्टॉसच असणार," ते म्हणाले. "त्याचं रू श्वासावाटे आत जातं आणि तिथंच राहतं. वीस-वीस वर्षांनी त्रास देतं."

"थांबा, दाखवतेच तुम्हाला," म्हणून मी कपाटातली पुडी काढली. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

"उघडू नका."

त्यांनी सिस्टरकडून ओलं फडकं मागवलं, पुडी त्यात हळू गुंडाळली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती पिशवी आणखी एका पिशवीत. हे सगळं इतकं संथ चाललं होतं की मी पाण्याखालून बघतेय असं वाटलं. आणि मग त्या संथपणातून एकदम वर आले. आज केतकीला सुट्टी. आज ती तो पुठ्ठा कापणार.

"माझी पोरगी!" मी ओरडले. ओरडायला छातीत हवा नव्हती, तरी ओरडले.

कोकिलाबेन

सिस्टरच्या टेबलावरून घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. ते दोघं खाली डब्यात, फोन वर घरात. मग कोकिलाबेनचा नंबर. मला काही बोलताच येईना, म्हणून डॉक्टरांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि गुजरातीत सांगितलं: दोघांना लगेच बाहेर काढा, काहीही झाडू नका, कपडे झटकू नका, सगळं आहे तसं राहू द्या.

पुढचं मला केतकीनं सांगितलं. ह्यांच्या हातात करवत होती. अर्धा पुठ्ठा कापून झाला होता, आणि ती पांढरी धूळ केतकी केरसुणीनं गोळा करत होती. आपल्या मराठी घरात असंच शिकवलंय ना, काम झालं की आधी केर काढा! इतक्यात दारात कोकिलाबेन उभ्या, कंबरेला पदर खोचून.

"बहार नीकळो! बेउ जण! ने सावरणी हाथमां लीधी छे तो जोजो!" सावरणी म्हणजे केरसुणी.

ह्यांना वाटलं, माझं काही बरंवाईट झालं. तसेच खाली उतरून इस्पितळाकडे धावणार होते. कोकिलाबेननी त्यांना सोडलं नाही. दोघांना अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट उभं केलं आणि डोक्यापासून भिजवलं. ओले कपडे तिथंच उतरवून पिशवीत बांधले. केतकीला स्वतःची साडी नेसवली, ह्यांना त्यांच्या यजमानांचा लेंगा दिला. मग डब्याच्या खिडक्या लावून दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कंबरेला खोचली. अशी शेजारीण मिळायला पुण्य लागतं.

भांडण

संध्याकाळी हे आले. आल्याआल्या म्हणाले, "तुला इतकी वर्षं माहीत नव्हतं, हातात काय घेतेयस ते?"

"मला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं. "नाकाला पदर लावा, गूळ खा, एवढंच सांगायचे. गुळानं धूळ उतरते म्हणे!" वॉर्ड ऐकतोय याची मला पर्वा नव्हती. "आणि तुम्ही? एवढी इंग्रजी पुस्तकं वाचून डबा दुरुस्त करताय, त्यात कुठं दिसलं नाही?"

त्यांनी तोंड फिरवलं. मग डोळ्यांना रुमाल लावला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मला आणखीनच राग आला, कारण मग मला रडता येईना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यातून घरी आल्यावर साडी बदलत होता का? कुठली बदलते! बसमधून उतरून दारात पोचते तोवर केतकी धावत यायची आणि माझ्या पदरात तोंड खुपसायची. तिला तो वास आवडायचा. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा केतकी तिथंच उभी होती.

"मग माझा पण फोटो काढा," ती म्हणाली, जणू पासपोर्टचा.

"आत्ता काही दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "कालची धूळ तर नाहीच. काही होईलच असंही नाही. थोडक्यात निभावलं असण्याची शक्यता जास्त. पण हे कळायला फार वर्षं जावी लागतात."

"म्हणजे मी आजीबाई झाल्यावर?" तिनं हसून विचारलं. मला शेडमधल्या पांढऱ्या भुवया दिसल्या. तिला बिचारीला काय माहीत.

माझ्या छातीतला तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस धुक्यासारखे गेले. कॅन्सर निघाला नाही. फुप्फुसाचं अस्तर जाड झालंय, ते आता तसंच राहील, पूर्ण श्वास परत मिळणार नाही, पण जगाल, असं सांगितलं. हे देवाला नारळ फोडायला गेले. मी पडल्यापडल्या देवाला म्हटलं, माझं झालं ते झालं, पण तिच्या छातीत हे उतरू देऊ नकोस. तेव्हापासून माझं मागणं तेवढंच राहिलं.

डब्याचं काय केलं

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे अलीकडे जुन्या गाड्यांची आतून घरं करायची हौस पुष्कळांना आलीय. हौस करा. पण आधी माझं ऐका.

ह्यांना तर डबा भंगारात द्यायचा होता. कोकिलाबेन किल्लीच देईनात. शेवटी देसाई डॉक्टरांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले, मोठ्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघणारे. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "कुठं फुटलंय, आणि कुठं शाबूत आहे?" कारण शाबूत असेल त्याला हात लावायचा नाही. खिळा नाही, ड्रिल नाही, घासणं नाही. नुसतं बघून ते तेच आहे की साधा पुठ्ठा, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणाले, तपासून येईपर्यंत तेच आहे असं धरून चाला. भिजवलेला नखाएवढा तुकडा बंद डबीतून प्रयोगशाळेत गेला. तेच निघालं.

मग ते स्वतः तोंडाला नीट बसणारा मास्क लावून, अंगभर एकदाच वापरून टाकून द्यायचे कपडे घालून आत गेले. रुमाल बांधून भागत नाही, त्यातून ते तूस आरपार जातं. साबणाच्या पाण्याची फवारणी करून सगळं भिजवलं, कापलेले तुकडे न मोडता उचलले, दुहेरी पिशव्यांत बांधून आत काय आहे ते वर ठळक लिहिलं. जमीन ओल्या फडक्यांनी पुसली आणि फडकीही पिशवीत गेली. केरसुणी नाही, पंखा नाही, घरातला व्हॅक्यूमही नाही. पिशव्या सोसायटीच्या कचऱ्यात न टाकता ते कारखान्याच्या धोकादायक कचऱ्याबरोबर घेऊन गेले. शेगडीमागचा पुठ्ठा शाबूत होता. तो तसाच ठेवून रंगानं बंद केला आणि त्याच्यापुढे, त्याला एकही भोक न पाडता, पोलादी पत्रा उभा केला. पत्र्यावर केतकीनं लाल रंगात लिहिलं, तीन भाषांत: इथं भोक पाडू नये.

एवढं अवघड नाही हो हे. माहीत असावं लागतं, आणि घाई नसावी लागते. ज्याला हे जमणार नाही त्यानं स्वतः करूच नये.

डबा पुढे चालू झाला. समुद्रापर्यंत काही गेलो नाही, माझ्यानं झेपलं नसतं. मही नदीच्या काठी गेलो. मागचं दार उघडं टाकून मी बाकावर आडवी झाले. वाळू, संथ पाणी, पलीकडे कुणाच्या तरी म्हशी. हे चहा करत होते, केतकी पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि मला अर्ध्या श्वासातसुद्धा पोट भरल्यासारखं वाटत होतं. आजारानं मला असे काही तासही दिले, ते नाकारून कसं चालेल?

फोटो

केतकीचं लग्न झालं. सासर बडोद्यातच, नोकरी बँकेत. संध्याकाळी घरी जाताना आमच्याकडे डोकावल्याशिवाय तिचा दिवस संपत नाही. फोटोचा विषय मी काढला की ती थट्टा करायची. "आजीबाई होऊ दे की आधी!" मला वाटायचं, हिला कशाची फिकीरच नाही. बरं आहे, मी म्हणायचे, काळजीला मी एकटी पुरेशी आहे.

गेल्या हिवाळ्यात मात्र ती आपणहून म्हणाली, "आई, आता काढू या. तू चल माझ्याबरोबर."

देसाई डॉक्टरांचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी केतकीचा फोटो आणि नव्या मशीनमधल्या त्या चकत्या-चकत्यांच्या तसबिरी पडद्यावर लावल्या. इकडून बघितल्या, तिकडून बघितल्या. शेवटी म्हणाले, "काही नाही. अगदी स्वच्छ."

मी त्यांना हात जोडले. केतकी "थँक यू" म्हणाली, पर्स उचलली, बाहेर आली. रिक्षात बसलो. गोत्रीचा रस्ता लागला आणि ती एकाएकी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागली. केवढी मोठी बाई, बँकेतली ऑफिसर! रिक्षावाला मागे वळून बघायला लागला.

"अगं, स्वच्छ आहे म्हणाले ना?"

"तुझा जिना," ती म्हणाली. "तीन मजले. इतकी वर्षं रोज येताना मी तो गाणं गुणगुणत चढायचे, आई. मध्ये दम लागून तुटतंय का, ते बघायला."

मी तिचा हात घट्ट धरला. "मला ऐकू यायचं ना," मी म्हटलं. "तुटत नाही ना, तेच ऐकत मी रोज दारामागे उभी असायचे."